आठवी जागा

फिडल हनुवटीखाली धरणाऱ्या माणसांवर अण्णांचा विश्वास नव्हता. "मान वाकडी करून वाजवायला त्यो काय फोन हाय व्हय?" असं म्हणून ते आपली फिडल, म्हणजे व्हायोलिनच, छातीशी धरायचे, तान्ह्या मुलाला ढेकर काढायला धरतात तशी. गजही टोकाला न धरता बराच वर, जवळजवळ मध्यात पकडायचे. आमच्या ऑफिसात केरळचा एक मित्र होता, लहानपणापासून कर्नाटक संगीत शिकलेला. त्यानं अण्णांना एकदा वाजवताना पाहिलं आणि मला विचारलं, "यांना शिकवलं कुणी? आणि त्याला शिक्षा काय झाली?" असे निरोप पोचवण्यात मी तेव्हा तरबेज होतो. मी ताबडतोब पोचवला. अण्णा हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "झाली की. लई मोठी झाली." आणि फिडल पेटीत ठेवून दिली.

अण्णा आमच्या कंपनीचे चीफ सर्व्हेअर. मिरजेकडचे, उंच, वाळलेले, आखातात उभा जन्म काढलेले. मी नाशिकचा, प्लॅनिंगमध्ये. कतारमध्ये ते दिवस फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीचे होते. काल सरळ गेलेला रस्ता आज डावीकडे वळायचा, आणि परवा जिथे नुसती वाळू होती तिथे क्रेनची रांग लागलेली असायची. आमच्याकडे अल रय्यानच्या पलीकडचं एक स्टेडियम आणि त्याच्या भोवतीचे रस्ते होते. कुठल्याही नव्या जागेत पहिली खुंटी ठोकण्याआधी अण्णा पिकअपमधून फिडल काढायचे आणि एक गत वाजवायचे. आमचा लेबनीज प्रोजेक्ट मॅनेजर घड्याळ बघत "यल्ला, अण्णा, यल्ला" करत उभा. अण्णा डोळे मिटून सांगायचे, "जागंला कळू द्या की मानसं आली म्हणून." मॅनेजरला मराठी येत नव्हतं म्हणून बरं.

ती गत हिंदुस्थानी नव्हती आणि अरबीही नव्हती. अमेरिकेतली होती, तीही दोनशे वर्षांपूर्वीची. अमेरिकेचा पश्चिमेकडचा मुलूख तेव्हा गोऱ्यांच्या नकाशावर कोरा होता. दोन कॅप्टन थोडी माणसं घेऊन मिझुरी नदीतून होड्या ओढत त्या कोऱ्या जागेत शिरले. त्यांच्यात एक नावाडी होता, एका डोळ्यानं आंधळा, दुसऱ्यानं अधू, पण फिडलमध्ये पटाईत. दिवसभर होड्या ओढून माणसं अर्धमेली झाली की हा फिडल काढायचा आणि ती अर्धमेली माणसं नाचायला लागायची. याच नावाड्यानं पुढे आपल्या कॅप्टनला सांबर समजून गोळी घातली होती. कॅप्टन वाचला. "असल्याच्या हातात बंदुकीपरास फिडल बरी," असं अण्णा म्हणायचे, एखाद्या चुलत्याची भानगड सांगावी तसे.

या गती अण्णांना मिळाल्या त्यांच्या पहिल्या साहेबाकडून. तो मिझुरीचाच, सर्व्हेअर. अण्णा पंचविशीत ओमानच्या वाळवंटात पाइपलाइनच्या कामावर होते तेव्हाचा. त्याच्या घराण्यात त्या काळापासूनच्या गती कानोकानी चालत आल्या होत्या. फिडलसुद्धा त्याचीच. तिच्या पोटात त्यानं तिकडच्या एका विषारी सापाच्या शेपटीला असतो तो खुळखुळा टाकून ठेवला होता. त्यांच्याकडे तशी रीत आहे म्हणे, दमट हवेपासून फिडल सांभाळायची. फिडल उचलली की आत काहीतरी घरंगळायचं. मी ती आपणहून कधी हातात घेतली नाही. घाबरत नव्हतो, पण हात पुढे होत नव्हता.

चीफ सर्व्हेअर म्हणजे कंपनीचा फ्लॅट मिळायचा. माझा दोह्यात, फरीज बिन ओमरानला होता, बायको आणि मुलगी होती, खाली किराणा होता. अण्णांनी फ्लॅट नाकारला आणि ते बिरकत अल अवामेरच्या कामगार छावणीत राहिले, सुतार, फिटर, ड्रायव्हर यांच्यात. कारण एकच, शुक्रवारचा नाच.

शुक्रवारी दुपारी नमाज आणि जेवणं आटोपली की छावणीच्या मेसमधली टेबलं भिंतीला लागायची. नाच चौकोनात चालायचा, चार जोड्यांचा. कुणी बिहारचा, कुणी नेपाळचा, कुणी बीड-जालन्याचा. बायकापोरं सगळ्यांचीच गावी. तेव्हा अर्ध्यांनी बाई व्हायचं, आणि जो बाई त्याच्या दंडाला रुमाल बांधायचा. ही रीतही त्या मिझुरीवाल्याकडूनच आलेली. त्यांच्याकडेही खाणीत आणि जंगलात गेलेले पुरुष असेच दंडाला रुमाल बांधून एकमेकांबरोबर नाचायचे. अण्णा वाजवता वाजवता हिंदीत पुकारायचे, "दायाँ हाथ! बायाँ हाथ! घूमके आओ!" दोन तारा एकदम वाजायच्या, सनईच्या मागे एकजण नुसता सूर धरून बसलेला असतो ना, तसा एक सूर खाली सतत चालायचा आणि त्याच्यावर ती गत गरगरत राहायची. पहिल्या पाच मिनिटांत पाय हलायला लागायचे, नंतर मात्र लोक उगाच दाराकडे बघायला लागायचे. आनंदाचीच गत होती ती, पण मोठ्या रिकाम्या जागेत कुणीतरी मुद्दाम आनंदानं ओरडावं तशी.

आता विचित्र गोष्ट. चार जोड्या म्हणजे माणसं आठ. अण्णा सातच उभी करायचे. आठव्या जागी फरशीवर एक धुतलेला रुमाल ठेवायचे, घडी घालून. बघायला तीसजण उभे असले तरी त्या जागेत कुणाला शिरू द्यायचे नाहीत. दुसरं म्हणजे गत कधी पुरी करायचे नाहीत. शेवटच्या फेरात सगळ्यांनी आपापल्या जागी परतायचं असतं, त्या फेराच्या उंबऱ्याशी आले की गज उचलायचे. नाचणारे हात अर्धवट वर धरून थांबायचे आणि मग चहाला जायचे. त्यांना सवय झाली होती.

जालन्याचा एकजण अण्णांच्या हाताखाली चेनमन होता, म्हणजे दूरच्या खुंटीवर प्रिझमचा दांडा धरून उभा राहणारा. नाचात तो नेहमी रिकाम्या जागेचा जोडीदार असायचा. मी त्याला एकदा विचारलं, "अरे, समोर कुणी नसताना तू हात कुणाला देतोस?"

"द्यावा लागतो का साहेब? घेतल्या जातो," तो म्हणाला आणि त्यानं तळवा पुढे केला. तळव्यावर बारीक वाळू चिकटली होती. "मेस तर सकाळीच पुसली. अन् हात पाहा, दर शुक्रवारी असाच."

"अरे बाबा, आठवडाभर साइटवर असतोस. हाताला वाळू नाही तर काय श्रीखंड लागणार?"

तो हसला नाही. मीच हसलो, जरा जास्तच.

मग ती धुक्याची सकाळ आली. कतारमध्ये थंडीत धुकं पडतं हे गावाकडच्यांना सांगून पटत नाही. समुद्राकडून येतं आणि वाळवंटावर बसतं. उन्हं वर आली तरी हलत नाही, नुसतं पांढरं होत जातं. त्या दिवशी चेनमन दांडा घेऊन पलीकडच्या खुंटीकडे गेला होता. मधे पायासाठी खणलेला मोठा खड्डा, दोन मजली घर सहज मावेल एवढा, आणि एका बाजूचं कुंपण नेमकं त्या आठवड्यात काढलेलं. धुकं अचानक दाटलं. वायरलेसवर त्याचा आवाज आला, "अण्णा, काहीच दिसंना," आणि मग नुसती खरखर.

सगळी यंत्रं थांबवली. आम्ही हाका मारल्या. धुक्यात हाक कुठून येते ते कळत नाही, उलट माणूस भलतीकडे चालायला लागतो. मी ओरडून सांगत होतो, कुणी हलू नका, सेफ्टीवाल्यांना बोलवा. तेवढ्यात मागे फिडल सुरू झाली.

मी संतापलो. "अण्णा, हे काय! माणूस खड्ड्यात पडेल तिकडे!"

"गप उभा राहा," अण्णा म्हणाले. तोवर त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

ते वाजवत राहिले. तीच गत. शेवटच्या फेराच्या उंबऱ्याशी यायचे आणि परत मागे फिरायचे, परत पहिल्यापासून. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला आठवतो तो त्या सापाच्या खुळखुळ्याचा आवाज, गज थांबेल तिथे तो वाजत होता. मग आमच्या उजवीकडून, जिकडे खड्ड्याची उघडी बाजू होती तिकडून, चेनमन चालत आला. सावकाश. उजवा हात जरा पुढे, लहान पोर बापाचं बोट धरून चालतं तसा. आमच्याजवळ आल्यावर तो हात खाली पडला.

"त्यो साहेब कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"कुठला साहेब?"

"टोपीवाला. गोरा. हेच गाणं गुणगुणत चालला होता मह्यापुढं. म्या म्हनलं, चला चहा घ्या, तर हात सोडला."

अण्णांनी फिडल माझ्या हातात दिली आणि ते धुक्यात धावत गेले, त्या खड्ड्याच्या बाजूला, इंग्रजीत कुणालातरी हाका मारत. आम्ही दोघं मागे धावलो आणि त्यांना कमरेला धरून परत आणलं. ते रडत होते. पाठीवर थोपटावं असंही मला सुचलं नाही, कारण काखेतली खुळखुळणारी फिडल मी आवळून धरली होती.

त्याच दिवशी धुकं विरल्यावर त्यांनी पिकअपमध्ये बसून ओमानची गोष्ट सांगितली. तिथे मिझुरीवाला स्वतः नाचायचा आणि फिडल अण्णांना वाजवायला द्यायचा. त्याचा नियम एकच होता. शेवटचा फेर म्हणजे घर. 'सब घर' पुकारून तो वाजवला की दार लागलं. तेव्हा सगळी माणसं आत आली आहेत हे बघितल्याशिवाय तो फेर वाजवायचा नाही. एका दुपारी वादळ उठलं. मिझुरीवाला दूरच्या टेकाडावरचं निशाण बघायला गेला होता. त्याला दिशा कळावी म्हणून अण्णा वाजवत बसले. वादळ ओसरलं, जीप आली, कुणीतरी म्हणालं, "खलास, चलो, वो दूसरी गाड़ी से निकल गया." अण्णांनी सवयीनं शेवटचा फेर वाजवला आणि पेटी मिटली. दुसऱ्या गाडीत तो नव्हता. तो सापडलाच नाही.

"त्यो भायेर ऱ्हायला," अण्णा म्हणाले. "मी दार लावलं. दुसऱ्यास्नी वाट दावतोय, सोताला येता यीना. त्यो आत आल्याबिगर मी कुटल्या तोंडानं घरी जाऊ?"

मी इंजिनियर माणूस. म्हणालो, "अण्णा, धुक्यात माणसाला भास होतात." ते म्हणाले, "व्हय, व्हय," आणि गाडी सुरू केली.

घरी ते जायचे, नाही असं नाही. पण पाहुण्यासारखे. त्यांची पत्नी, आम्ही काकू म्हणायचो, कधीमधी माझ्या बायकोला फोन करायच्या. एकदा मीच उचलला. "बॅग उगडत न्हाईत हो," त्या म्हणाल्या. "दाराशी तशीच ठेवत्यात. आतनं कापडं काढायची, घालायची, परत आत. ह्यांचा एक सदरा माझ्या हातानं दोरीवर वाळत घालीन म्हटलं तर त्यो योग न्हाई." मी फोनवर हसलो आणि फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं.

स्टेडियम उभं राहिलं. सर्व्हेचं काम संपलं तशी माणसं कमी व्हायला लागली, आणि अण्णांचं निवृत्तीचं वय तर केव्हाच उलटलं होतं. व्हिसा रद्द होणार, जावं लागणार. अण्णा कुठल्याच कागदावर सही करेनात. "मी कुटं जातू? एकजण भायेर हाय." एचआरवाला हैराण. मुदत संपून राहिले असते तर पोलिसांनी उचललं असतं. काकूंचा फोन आला, या वेळी रडत, "येवढं करा, त्यांस्नी इमानात बसवा. नुसतं बसवू नका, मनानं येतील असं काय तरी करा."

फोन ठेवून बायको म्हणाली, "तू उभा राहा ना त्या जागेवर. पंगतीत एक पान रिकामं राहिलं तर आपण कुणालातरी बसवतोच की. रिकामं पान बरं दिसतं का? आठ झाले की वाजवतील ते शेवटचं."

इतकं सोपं आणि इतकं आपल्याकडचं उत्तर होतं की मला ते लगेच पटलं. आमची मुलगी मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "Baba, don't." मी विचारलं, का गं? तिनं खांदे उडवले.

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तिथं हुबं ऱ्हायलं की ती जागा तुजी. मग मला बोल लावू नगंस." मी म्हणालो, "अण्णा, एक गाणं आहे ते." ते म्हातारे झाले होते, थकले होते, आणि मला वाटतं त्यांनाही आता घरी जायचं होतं. त्यांनी फरशीवरचा रुमाल उचलला आणि माझ्या दंडाला बांधला.

तो त्यांचा शेवटचा शुक्रवार. मेस गच्च भरली होती. भिंतीवर वर्ल्ड कपचं पोस्टर, एसी घरघरतोय, चहाची पातेली तयार. मी चेनमनसमोर उभा राहिलो. अण्णांनी गज टेकला. मला नाचता येत नाही, पण तिथे नाचावं लागत नाही, हात धरून ओढत नेतात. उजवा हात एकाला, डावा पुढच्याला, असं गुंफत सबंध चौकोनाला वळसा घालायचा आणि आपल्या जागी परत यायचं. मला हसू येत होतं, मजा वाटत होती, खरंच. अर्ध्या वळशानंतर एक हात हातात आला. खरखरीत, कोरडा, मोठा. मी वर बघितलं, पण तोवर पुढचा हात आला होता.

मी माझ्या जागी परत आलो तेव्हा जागा नव्हती.

म्हणजे तिथे कुणी दिसत होतं असं नाही. चेनमन डोळे मिटून दोन्ही हात पुढे धरून गिरक्या घेत होता, त्याच्या हातात कुणाचेतरी हात असावेत तसा, आणि शेजारच्या दोघांचे खांदे एवढे जवळ आले होते की मला पाऊल टाकता येईना. मी दोनदा प्रयत्न केला. मग उगाच नाचात अडथळा नको म्हणून मागे सरकलो आणि पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभा राहिलो.

"सब घर!" अण्णांनी पुकारलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. शेवटचा फेर छोटासाच होता, चार-दोन सुरांचा. तो संपला. अण्णांची नजर माझ्या जागेवर होती, माझ्यावर नव्हती. "आला," ते म्हणाले. "आला रं बाबा, आला." चेहरा असा उजळला होता की सगळे टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या, आणि तळव्यातून वाळू गळाली.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. गाडीत ते पोरासारखे बोलत होते, मिरजेत गेल्यावर काय काय खायचं ते. मधेच म्हणाले, "शेवटाला तू दिसला न्हाईस मला. कुटं हुतास?"

"कूलरपाशी. मला जागाच मिळेना."

पुढचा सगळा रस्ता अण्णा मांडीवरच्या पेटीची कडी उघडमीट करत राहिले. फिडल ते मला देऊन जाणार होते, तसं ठरलं होतं. आत जाताना त्यांनी ती परत मागून घेतली. "न्हेतो," म्हणाले. "तुज्यासाठी लागंल."

घरी पोचल्यावर त्यांनी बॅग उघडली. काकूंनी दोरीवरच्या सदऱ्याचा फोटो पाठवला. आम्ही नवराबायको तो फोटो बघत बराच वेळ बसलो होतो. मी स्वतःवर खूश होतो.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही, म्हणजे जे सगळ्यांचं होतं तेच. मुलीच्या कॉलेजसाठी ती आणि तिची आई नाशिकला गेल्या. मी मागोमाग जाणार होतो. तेव्हा कंपनीनं थांबवून घेतलं. मग दुसरं काम निघालं. मग एकदा तिकीट काढलं आणि ताप आला. वर्ल्ड कप झाला, जग येऊन गेलं, माझं जाणं राहिलं. सुट्टीवर जातो तेव्हा बायको म्हणते, बॅग उघड ना रे. मी म्हणतो, उघडतो, आणि त्यातूनच कपडे काढतो. थंडीत धुकं पडलं की मी गाडी कडेला घेऊन काचा वर करून बसून राहतो. कारण सांगता येईल, रस्ता दिसत नाही.

दर शुक्रवारी दुपारी अण्णांचा फोन यायचा. बोलायचे थोडंच. फोन समोर ठेवायचे आणि वाजवायचे. तीच गत, त्याच उंबऱ्याशी येऊन थांबलेली. "शेवटचा फेर म्हातारा झालो तरी वाजवनार न्हाई," म्हणायचे. "तू ये. मग वाजवू. तंवर दार उगडं हाय." मी म्हणायचो, "येतो अण्णा, इन्शाल्ला, पुढच्या वर्षी."

गेल्या महिन्यात शुक्रवारी फोन आला, पण आवाज काकूंचा होता. अण्णा आदल्या दिवशी गेले. शांतपणे गेले, खुर्चीत बसल्या बसल्या, फिडल छातीशी. मी काय विचारायला हवं होतं आणि काय विचारलं! मी विचारलं, "काकू, त्यांनी शेवटचा फेर वाजवला का?"

"मला काय कळतंय त्यातलं," काकू म्हणाल्या. "लई वेळ वाजवत हुते. मग थांबले. मी म्हटलं, संपीव की आता, जेवाय वाडलंय. तर म्हनाले, ऱ्हाऊ दे. अजून एकजण यायचाय."